कर्करोगानंतर लघवीवरचा ताबा : घराघरांत न बोलला जाणारा प्रश्न
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिस्त, अभ्यासाच्या सवयी, दहावीनंतर पुढे काय, अशा विषयांवर बोलले जाते. ते आवश्यकच आहे. परंतु या वर्षी विषय निवडण्याची मोकळीक मला मिळाली, तेव्हा मी मुद्दामच असा विषय घेतला की ज्याचे नाव काढताच माणसे दुसरीकडे पाहू लागतात. कर्करोगावर उपचार होतो, माणूस वाचतो, घरी परत येतो. आणि मग त्याला लघवी आवरत नाही. हा विषय मी शिक्षक-खोलीत सांगितला तेव्हा प्रथम थोडे हसू झाले. नंतर दोन दिवसांत तीन सहकाऱ्यांनी मला एकेकटे गाठून, आवाज खाली करून, आपापल्या घरची गोष्ट सांगितली. म्हणजे विषय चुकीचा नव्हता.

मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. औषध सुचविण्याचा मला अधिकार नाही व मी ते करणारही नाही. घरात आजार आल्यामुळे जे विचारावे लागले, वाचावे लागले आणि डोळ्यांनी पाहावे लागले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

ओटीपोटात जागा थोडी आणि अवयव दाटीवाटीने बसलेले. मूत्राशय, त्याच्या मागे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, स्त्रियांमध्ये या दोहोंच्या मध्ये गर्भाशय, पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी. एका घरात चार भाडेकरू राहावेत तशी ही वस्ती. एकाच्या खोलीत दुरुस्ती काढली की शेजाऱ्याच्या भिंतीला हादरा बसणारच. म्हणून कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा असो, प्रोस्टेटचा असो, मूत्राशयाचा असो वा गुदाशयाचा, त्यावरील शस्त्रक्रियेचा किंवा सिकाईचा परिणाम लघवीवर होऊ शकतो. आपल्याकडे रेडिएशनला कुणी सिकाई म्हणतात, कुणी शेक, कुणी ‘लाइट देणे’. नाव काहीही घ्या, किरण त्या दाटीतूनच जातात.

हे रुग्ण आपल्यापासून दूर नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगाने गेले. त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आपल्या मानेवाडा मार्गावर आहे. वर्धा मार्गावर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मेडिकल आहे, मेयो आहे. बालाघाट, छिंदवाड्यापासून गोंदिया, गडचिरोलीपर्यंतची माणसे या शहरात उपचाराला येतात. आपल्याकडून कित्येकजण मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. ते रुग्णालय १९४१ पासून आहे. नागपूर ते मुंबई हा रात्रभराचा रेल्वेप्रवास. ज्याला दर तासाला उठावे लागते त्याच्या दृष्टीने तो काय प्रवास असतो, याचा विचार वरच्या बर्थचे तिकीट काढणाऱ्या मुलाने जरूर करावा.

आता ताबा जातो म्हणजे नेमके काय होते? हे समजून घेणे महत्त्वाचे, कारण त्रास एक दिसला तरी कारणे निरनिराळी असतात आणि उपाय कारणाप्रमाणे बदलतात.

पहिला प्रकार खोकताना, शिंकताना, हसताना, बादली उचलताना थेंब जाण्याचा. पुरुषाच्या मूत्रमार्गाला जणू दोन तोट्या असतात. प्रोस्टेट काढताना वरची तोटी तिच्याबरोबर जाते आणि सर्व भार खालच्या एका तोटीवर येतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी नळी काढली की त्या एकट्या तोटीला काम जमेपर्यंत गळती होते. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात बराच ताबा परत येतो. काहींना पूर्ण येत नाही. दुसरा प्रकार घाईचा. सिकाईमुळे मूत्राशयाचे आतले अस्तर सुजते, आणि पुढे केव्हातरी त्याची भिंत जुन्या सायकलच्या ट्यूबसारखी ताठर होते. निरोगी मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते. ताठर झालेल्यात दीडशेलाच तगादा सुरू होतो, आणि तगादा लागला की संडासापर्यंत पोहोचण्याइतकीही सवड मिळत नाही. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिकाईचा हा परिणाम काहींना उपचार संपल्यावर महिन्यांनी, काहींना तर काही वर्षांनी जाणवतो. तोपर्यंत माणूस आजार विसरलेला असतो आणि ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतो.

तिसरा प्रकार उलटा आहे. व्हिएन्नाच्या एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया सुरू केली, आणि तिच्या सुधारलेल्या पद्धती आजही वापरल्या जातात. तीत गर्भाशयाच्या आजूबाजूचा भागही काढावा लागतो, आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या बारीक नसा तेथूनच जातात. त्या दुखावल्या तर बाईला लघवी भरल्याचे कळतच नाही; मूत्राशय काठोकाठ भरते आणि भरलेल्या माठातून पाझरावे तसे थेंब गळत राहतात. अशा बाईने ‘मला लागत नाही’ म्हणून थांबू नये, घड्याळ पाहून दर तीन तासांनी जावे. काहींना दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने बारीक नळी घालून लघवी काढून टाकायला शिकवतात. ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की हे काम स्वच्छ धुतलेल्या हातांनी घरी करता येते, त्यासाठी ऑपरेशन थिएटर लागत नाही. त्यानंतर जगभर असंख्य लोकांची मूत्रपिंडे या साध्या युक्तीने वाचली आहेत.

आणि चौथा प्रकार रात्रंदिवस, बसता-उठता, झोपेतही अखंड गळण्याचा. मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात छिद्र पडले की असे होते. त्याला फिस्टुला म्हणतात. कोणत्याही व्यायामाने हे छिद्र बुजत नाही, त्याला सर्जनच लागतो. एखाद्या बाईला शस्त्रक्रिया वा सिकाईनंतर एक क्षणही कोरडे वाटत नसेल, तर तिला व्यायाम सांगत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

आता एक उदाहरण सांगतो. माझे एक मामू कामठीला राहतात. उमर सत्तरीला पोहोचलेली, सारा जन्म हातमागावर गेला. त्यांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली, कर्करोग निघाला, सगळ्यांनी शुक्र मानला. उपचार जेथे झाले तेथे पुढे गळती होईल याची आगाऊ कल्पना त्यांना कुणी दिली नव्हती, किंवा दिली असेल तर त्यांना समजेल अशा भाषेत दिली नव्हती. घरी आल्यावर मामूंनी मशिदीत जाणे सोडले. पानटपरीवरची बैठक सोडली. भाचीच्या निकाहाला ‘ताप आहे’ म्हणून घरीच राहिले. घरच्यांना वाटले अशक्तपणा असेल. पुढे मे महिना आला आणि त्यांनी पाणी पिणे जवळजवळ बंद केले. हिशेब साधा होता : प्यायचेच नाही तर गळेल कसे? नागपूर-कामठीचा पारा पंचेचाळीसच्या वर, आणि हा माणूस दिवसाला तीन ग्लास पाण्यावर. शेवटी थंडी वाजून ताप आला, लघवी चहाच्या रंगाची, जळजळ अशी की डोळ्यांतून पाणी. जंतुसंसर्ग झाला होता.

तेथल्या डॉक्टरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “चाचा, पाणी किती पिता?” मामू खाली पाहू लागले. मी म्हणालो, “मामू, सांगा ना, डॉक्टरांपासून काय लपवायचे?” तेव्हा ते हळूच म्हणाले, “बेटा, कपडे नापाक होतात. नमाज कशी पढू?”

या एका वाक्यात त्यांचे सगळे दुखणे होते. म्हणून प्रथम त्याबद्दलच बोलतो. ज्याची गळती इतकी सतत असते की एका नमाजच्या संपूर्ण वेळेत वजू करून फर्ज अदा करण्यापुरतीही उसंत मिळत नाही, अशा माणसाला फिक्हमध्ये ‘माजूर’ म्हणतात. आपल्याकडे बहुसंख्य लोक ज्या हनफी मसलकाचे आहेत, त्यानुसार अशा माणसाने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी ताजा वजू करावा. मग त्या वेळेत त्या कारणाने थेंब आला तरी वजू तुटत नाही. त्याची नमाज होते. ज्याची गळती अधूनमधून थांबते त्याच्यासाठी मसला वेगळा आहे, म्हणून आपली परिस्थिती जाणत्या आलिमला स्पष्ट सांगून विचारून घ्यावे. आम्ही मामूंना आमच्या मोहल्ल्याच्या इमामसाहेबांकडे नेले. त्यांनी दहा मिनिटांत सर्व समजावले आणि वर म्हणाले की हा प्रश्न घेऊन येणारे तुम्ही पहिले नाहीत, पण फार उशिरा येता. आजाऱ्याला रोज्याच्या बाबतीतही सवलत आहे. ज्याला डॉक्टरांनी रोज्याची परवानगी दिली आहे त्याने इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडे थोडे, पण पुरेसे प्यावे. सहरीला एकदम चार ग्लास ढोसून फायदा नाही.

पाण्याची गोष्ट सर्वांनाच लागू आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. पाणी कमी केल्याने गळती थांबत नाही. लघवी घट्ट होते, घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते, घाई वाढते; बद्धकोष्ठ होते, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, त्याने गळती आणखी वाढते. वासाची भीती सर्वांना असते, पण ताज्या, पातळ लघवीला वास कमीच असतो. जो उग्र दर्प येतो तो घट्ट लघवीचा आणि साठून राहिलेल्या कपड्याचा. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतेच, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून अधिक. ज्यांना हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे आहे त्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास पिणे कमी करावे. कमी करायचा तो चहा. आपल्याकडे पाहुणा आला की चहा, पाहुणा गेला की चहा. चहा-कॉफी, कोलाची पेये मूत्राशयाला चाळवतात. बिडी-सिगारेटबद्दल तर काय बोलावे! मूत्राशयाच्या कर्करोगाचे धूम्रपान हे एक मोठे कारण आहे, आणि उपचारानंतर बिडीवाल्याचा खोकला दर वेळी थेंब काढतो. आपल्या शहराचा लाडका खर्रा तोंडाचा सत्यानाश करतो हे वेगळेच.

मामूंची नात नववीत शिकते. डॉक्टरांनी तीन दिवसांची नोंदवही आणायला सांगितली तेव्हा ते काम तिने अंगावर घेतले. शंभरपानी वहीत पट्टीने रकाने आखले : वेळ, काय व किती प्यायले, लघवी किती झाली, गळाली का, तेव्हा काय करत होते. बाजारातून खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग आणला. मोजायचे मामूंनी आणि लिहायचेही त्यांनीच, रकान्यात फक्त आकडा किंवा फुली. आखून देण्यापलीकडे नात त्यात पडली नाही, आणि हा तिचा समंजसपणा मला फार आवडला. तीन दिवसांनी वहीकडे पाहताच डॉक्टरांना जे कळले ते आम्हाला दोन महिन्यांत कळले नव्हते. रात्री मामू जवळजवळ कोरडे असत. सकाळीही बरे असे. गळती सुरू व्हायची दुपारी चारनंतर, स्नायू थकल्यावर, आणि टपरीवरून मागवलेल्या पाठोपाठच्या दोन-तीन चहांनंतर. म्हणजे तोटी मेलेली नव्हती, दमत होती. दमणाऱ्या स्नायूला कसरत लागते.

ही कसरत ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या पसरलेल्या स्नायूंची. अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतर ताबा गेलेल्या स्त्रियांसाठी ती पद्धतशीर मांडली, म्हणून तिला त्यांचेच नाव पडले आहे. पुरुषांनाही ती तितकीच लागू आहे. चारचौघांत बसले असता पोटातला वारा अडवून धरण्यासाठी आपण जो स्नायू आवळतो, तोच हा स्नायू. तो आत व वर ओढून घ्यावा, पाच आकडे मोजावेत, सोडावा, आणि तितकाच वेळ सैल ठेवावा. सवय झाली की पाचाचे दहा करावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट करायचे नाहीत आणि श्वास कोंडायचा नाही. बहुतेकांचे चुकते ते येथेच. लघवी करताना धार मध्येच तोडून पाहण्याची सवय लावून घेऊ नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. नळी घातलेली असताना ही कसरत करू नये. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आधीपासूनच शिकून घेतली म्हणजे नंतर स्नायू ओळखीचा असतो. खोकला येणार असे वाटले, खुर्चीवरून उठायचे असले, की आधी स्नायू आवळावा आणि मगच खोकावे वा उठावे. ज्यांना स्नायू सापडतच नाही त्यांना फिजिओथेरपिस्ट शिकवतात; स्त्रियांसाठी स्त्री फिजिओथेरपिस्ट मागून घ्यावी, त्यात संकोच नको.

फरक पडायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. गणितात कच्चा मुलगा एका आठवड्यात पास होत नाही, हे आम्हा शिक्षकांना सांगायला नको. मामूंनी पाच वेळच्या नमाजशी कसरत जोडून टाकली. त्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागली नाही. सुरुवातीला दिवसाला पाच कपडे बदलावे लागत, चौथ्या महिन्यात दोन. वर्ष झाले तरी पूर्ण कोरडे नाहीत; बाहेर जाताना एक पातळ पॅड लावतात. पण जातात. जुम्म्याला शेवटच्या सफेत, दाराजवळ उभे राहतात.

ज्यांची तक्रार घाईची आहे त्यांच्यासाठी मूत्राशयाला वळण लावण्याची रीत आहे. लागली की धावत सुटायचे नाही. बसून राहायचे, तळाचा स्नायू चार-पाच वेळा आवळायचा, मनात पाढे म्हणायचे, पाच मिनिटे थांबायचे. पुढच्या आठवड्यात दहा, मग पंधरा. असे करत दोन लघव्यांमधले अंतर अडीच-तीन तासांवर आणायचे. ‘असू दे, जाऊन येऊ’ म्हणून दर अर्ध्या तासाला जाणाऱ्याचे मूत्राशय थोड्यावरच बोंब मारायला शिकते. मात्र ज्यांना लघवी भरल्याचे कळतच नाही त्यांनी हा प्रयोग करू नये, हे पुन्हा सांगतो. घाई कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, त्यांचा गुणही येतो. पण त्यांतील काहींनी तोंड कोरडे पडते, शौचाला त्रास होतो, काचबिंदू असणाऱ्यांना आणि फार वृद्धांना त्या चालत नाहीत. तेव्हा शेजाऱ्याच्या गोळ्या आपल्या घरी आणू नयेत. आणि भिंतींवर रंगवलेल्या ‘शर्तिया इलाज’वाल्यांकडे तर मुळीच जाऊ नये, त्यांचे दुकान आपल्या लाजेवर चालते.

वर्षभर नेटाने कसरत करूनही पुरुषाची गळती मोठी राहिली तर शस्त्रक्रियेचे उपाय आहेत. मूत्रमार्गाला खालून आधार देणारी पट्टी बसवतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम तोटी निघाली : मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेला कफ आणि अंडकोषात छोटासा पंप. माणूस पंप दाबतो तेव्हा कफ सैल होऊन लघवी होते, नंतर तो आपोआप भरून बंद होतो. खर्च बराच असतो, सर्वांना झेपणारा नाही, हे खरे. परंतु असा उपाय आहे हे माहीत असणे आणि ‘आता जन्मभर असेच’ म्हणून खाटेला धरून बसणे यांत फार अंतर आहे. हे काम युरॉलॉजिस्टचे. आपल्या मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात युरॉलॉजी विभाग आहे.

रोजच्या व्यवहाराच्याही काही गोष्टी आहेत. घरच्या जुन्या, मऊ सुती कापडाच्या घड्या चालतात. रोज धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात, आणि ऊन आपल्याकडे फुकट आहे. प्रवासात व रात्री विकतचे पॅड वा डायपर सोयीचे, पण उन्हाळ्यात दिवसभर तेच ठेवले तर मांड्यांना पुरळ येते. ओले झाले की साध्या पाण्याने धुवावे, टिपून कोरडे करावे, व्हॅसलीनचा हात फिरवावा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे, संडासात नव्हे. पुरुषांसाठी बाहेरून लावायची पिशवी मिळते. नाडीची गाठ ऐन वेळी सुटत नाही, म्हणून इलॅस्टिकचा पायजमा शिवून घ्यावा. लघवीनंतर कपडे सावरताना चार थेंब येतात, त्यासाठी पुरुषाने घाई न करता थोडे थांबावे, अंडकोषामागचा भाग बोटांनी मागून पुढे हलकेच दाबावा. तहारतच्या शिकवणीतला इस्तिबरा आपल्याला ठाऊकच आहे. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा. घाईघाईत अंधारात पडून खुब्याचे हाड मोडलेले म्हातारे मी पाहिले आहेत. खाटेजवळ भांडे ठेवण्यात कमीपणा कसला?

स्त्रियांची अडचण दुहेरी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सन २०२२ च्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात वर्षाला सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आढळतात. त्यांपैकी ज्या बऱ्या होतात त्या पुढे वीस-वीस, तीस-तीस वर्षे जगतात, संसार करतात. लघवीचा त्रास त्या ना पतीला सांगतात ना पुरुष डॉक्टरला. लग्नाच्या हॉलमध्ये बायकांच्या बाजूला एकच संडास, तोही कुलूपबंद. म्हणून त्या लग्नालाच जात नाहीत. हॉल ठरवताना जेवणाच्या ताटाचा दर विचारणाऱ्या मंडळींनी हीही चौकशी करावी. स्त्री डॉक्टर हवी असेल तर आपल्याकडे डागा रुग्णालय आहे, मेडिकल-मेयोत स्त्रीरोग विभाग आहेत.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, आणि ती आपल्याच राज्यातली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून खेड्यापाड्यांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदा, फक्त एकदा, करून मिळाली त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. आजच्या विषयाशी त्याचा संबंध असा की रोग जितका लवकर सापडेल तितका उपचार लहान, आणि उपचार जितका लहान तितके मूत्राशय सुरक्षित. कर्करोग होण्याआधीच्या अवस्थेत सापडला तर बहुधा मोठी शस्त्रक्रियाही लागत नाही, सिकाईही नाही. मुलींसाठी त्या विषाणूवरची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्या देशात तयार केलेली लस २०२३ पासून मिळू लागली. मुलींच्या पालकांनी आपल्या डॉक्टरांशी तिच्याबद्दल जरूर बोलावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी दोन शब्द. घरात दादा-दादी, नाना-नानी अचानक बाहेर पडेनासे झाले, पाणी नको म्हणू लागले, खोलीला आतून कडी लावून कपडे धुऊ लागले, तर नाक मुरडू नका आणि भावंडांत हसू नका. चारचौघांत विचारूही नका. एकटे असताना, ‘दादी, डॉक्टरकडे मी येऊ का बरोबर?’ इतके विचारले तरी पुरे. बसमध्ये त्यांना दाराजवळची जागा द्या, रेल्वेत संडासाच्या बाजूचा खालचा बर्थ पाहा, नव्या ठिकाणी गेल्यावर संडास कोठे आहे ते तुम्ही आधी पाहून या. वहीचे रकाने आखायला तर तुम्हाला उत्तमच येते.

डॉक्टरांकडे जाताना ती तीन दिवसांची वही, चालू असलेल्या सर्व गोळ्या आणि कर्करोगाच्या उपचाराचे जुने कागद बरोबर न्यावेत. सिकाई किती झाली हे त्या कागदांत असते. काही लक्षणे मात्र तारखेची वाट पाहण्यासारखी नाहीत. लघवीतून रक्त जाणे, थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण अडून पोट फुगणे, पाठीत नवी तीव्र कळ येऊन पाय बधिर वा अशक्त होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

माझा वेळ संपत आला आहे. या विषयावर उभे राहून प्रश्न विचारणे अवघड आहे, याची संस्थेला जाणीव आहे. म्हणून मागच्या दाराशी एक बंद पेटी ठेवली आहे. भगिनींसाठी दुसरी पेटी ग्रंथालयात बाईंच्या टेबलावर आहे. चिठ्ठीवर नाव लिहू नये. वय, कोणता उपचार झाला व केव्हा झाला, एवढे लिहावे. आपल्याच शाळेतून शिकून गेलेल्या एक डॉक्टर बाई पुढील रविवारी सकाळी दहा वाजता येथे येणार आहेत, त्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे जातील.